लाखो व्होल्टचं यंत्र, सिनेमातलं हृदय आणि मालगाडीचा टप

गेल्या काही महिन्यांत एकच चित्रफीत मला चार वेगवेगळ्या गटांतून आली. डावीकडे ‘क्रँक: हाय व्होल्टेज’ या २००९ च्या सिनेमातली दृश्यं. उजवीकडे विज्ञान प्रदर्शनातली एक मुलगी, चकचकीत धातूच्या घुमटावर हात ठेवून उभी, केस साळिंदरासारखे ताठ. निवेदनातला दावा थोडक्यात असा: सिनेमात दाखवलंय ते खरं विज्ञान आहे. नुसत्या घर्षणातून लाखो व्होल्ट मिळतात, त्यावर कृत्रिम हृदय चालेल, मोबाइल तर सहज चार्ज होईल. आणि एवढे व्होल्ट शाळेतल्या मुलीला काही करत नाहीत, म्हणजे रेल्वेच्या तारेतल्या २५ हजार व्होल्टची भीती उगाचच घातली जाते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तो घुमट, म्हणजे व्हॅन डी ग्राफ जनित्र, आमच्या प्रयोगशाळेत आहे आणि दरवर्षी मी ते मुलांसमोर चालवतो. शेवटचं वाक्य ऐकलं नसतं तर मी हा दावा सोडून दिला असता. पण ते ऐकल्यावर गप्प बसवेना.

सिनेमाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या भागात नायकाला विष दिलेलं असतं आणि जगायचं तर शरीरातलं ॲड्रेनॅलिन, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक, उतरू द्यायचं नसतं. दुसऱ्या भागात, म्हणजे ‘हाय व्होल्टेज’मध्ये, त्याचं हृदयच चोरीला जातं, जागी कृत्रिम हृदय बसवलेलं असतं आणि ते चालू ठेवायला तो दिसेल तिथून वीज घेत पळतो. गाडीच्या बॅटरीच्या केबल जिभेला लावतो, अनोळखी माणसांना अंग घासतो. अचाटपणा हाच त्या सिनेमाचा धर्म आहे आणि तो तसंच वागतो. कुणालाही फसवत नाही. फसवणूक सुरू होते ती खरं यंत्र शेजारी ठेवून त्याला साक्षीदार केल्यावर.

आता पहिला मुद्दा, ‘लाखो व्होल्ट म्हणजे प्रचंड ऊर्जा’. सगळी गफलत इथेच आहे. व्होल्ट म्हणजे पाणी किती उंचावरून पडतंय ते. किती पाणी पडतंय ते नव्हे. आमच्या यंत्रात रबराचा पट्टा रोलरवर फिरतो, खालून विद्युतभार उचलतो आणि वर घुमटावर नेऊन ठेवतो. घुमटाची त्रिज्या १५ सेंटीमीटर धरली तर त्याची भार साठवण्याची क्षमता साधारण १७ पिकोफॅरड येते (पिकोफॅरड हे या क्षमतेचं अगदी छोटं एकक). दाब ३ लाख व्होल्टपर्यंत चढवला तरी साठलेली ऊर्जा होते पाऊण ज्यूल. एक लिटर दुधाची पिशवी जमिनीवरून साडेसात सेंटीमीटर उचलायला तेवढीच लागते. ठिणगी कडकडते, बोटाला झणका बसतो, मुलं किंचाळतात आणि घुमट रिकामा होतो. पट्टा त्याला पुन्हा भरतो, पण काही मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे अगदी क्षीण प्रवाहाच्या, संथ गतीने.

मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास, म्हणजे जवळपास ५४ हजार ज्यूल मावतात. पाऊण ज्यूलच्या ७२ हजार ठिणग्या, त्याही एक कण वाया न जाता. शिवाय लाखो व्होल्टचा तो झटका फोनच्या सर्किटने झेलायला हवा, जो ते झेलणार नाही.

आणि हे कोरड्या हवेतलं गणित झालं. पावसाळ्यात कुणी आमची प्रयोगशाळा पाहावी. जुलैत पट्टा दमट होतो, घुमटावरचा भार ओलसर पृष्ठभागांवरून निसटून जातो आणि यंत्र नुसतं घरघरतं. मी पट्टा केस वाळवायच्या यंत्राने गरम करतो, घुमट सुती फडक्याने पुसतो, तेव्हा कुठे नखाएवढी ठिणगी निघते. तेच यंत्र जानेवारीच्या सकाळी वीतभर लांबून कडाडतं. ज्याच्यावर हृदय चालवायचं ते पहिल्या पावसात बंद पडतं.

दुसरा मुद्दा कृत्रिम हृदयाचा. सिनेमातल्या हृदयाचं नाव एका खऱ्या उपकरणाच्या नावाशी मिळतंजुळतं आहे, एवढी बाब खरी. ॲबिओकॉर नावाचं पूर्णपणे शरीरात बसणारं हृदय अमेरिकेत लुइव्हिल इथे जुलै २००१ मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाला बसवलं गेलं. त्याला वीज मिळायची ती बाहेर ठेवलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, त्वचेपलीकडच्या दुसऱ्या कॉइलकडे, चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने. बाहेरचा पुरवठा तुटला तर आतली बॅटरी जेमतेम अर्धा तास तग धरायची. म्हणजे ज्यांनी ते बनवलं त्यांची सर्वात मोठी डोकेदुखी हीच होती की सतत, न थांबता, पुरेशी वीज द्यायची कुठून.

आता अंग घासून काय मिळतं ते बघू. गालिच्यावर चालून किंवा लोकरी कपडे घासून माणूस १० हजार व्होल्टपर्यंत भारित होऊ शकतो. शरीराची भार साठवण्याची क्षमता सुमारे १५० पिकोफॅरड धरा. ऊर्जा आली ०.००७५ ज्यूल. आपलं हृदय एका ठोक्याला साधारण एक ज्यूल काम करतं. म्हणजे एका ठोक्यासाठी १३० च्या वर वेळा पूर्ण भारित व्हायचं, आणि पुढचा ठोका एका सेकंदाच्या आत हवाय. यंत्राचे अपव्यय यात धरलेलेच नाहीत.

घर्षणाच्या विजेचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये संशोधक झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणावर चालणारं अतिसूक्ष्म जनित्र मांडलं आणि तेव्हापासून छोटे संवेदक अशा विजेवर चालवण्याचं काम जोरात चाललंय. छान काम आहे, पण ते मिलिवॅटच्या हिशेबातलं.

याला जोडून चित्रफितीत म्हटलंय की रुग्णालयातही शॉक देऊनच हृदय ‘चार्ज’ करतात. नाही. डिफिब्रिलेटर दीडशे-दोनशे ज्यूलचा झटका देतो तो हृदयाला ऊर्जा पुरवायला नव्हे, तर त्याच्या स्नायूंची बेताल थरथर एका क्षणात थांबवायला, म्हणजे हृदयाची स्वतःची लय परत सुरू होऊ शकेल. हृदयाचं इंधन रक्तातूनच येतं.

केस उभे राहतात ते वीज हृदयात शिरल्यामुळे, हेही चूक. सारख्याच भाराचे केस एकमेकांना ढकलतात, एवढंच. भार शरीराच्या पृष्ठभागावर असतो. तरीही पेसमेकर बसवलेल्या कुणालाही मी घुमटाजवळ येऊ देत नाही. ठिणगीने यंत्रणा बिघडायचा धोका पत्करण्याचं कारणच काय?

आता तो शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. ‘३ लाख व्होल्ट काही करत नाहीत, मग २५ हजार काय करणार?’

आमच्या प्रयोगात मुलगी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी असते. तिचा विद्युतदाब घुमटाबरोबर हळूहळू चढतो. तिच्यातून वीज कुठेच वाहून जात नसते. ठिणगी पडलीच तर थोड्याशा ऊर्जेवर गोष्ट संपते, कारण मागे दुसरं काही शिल्लक नसतं. रेल्वेच्या ओव्हरहेड तारेमागे उपकेंद्र उभं आहे, शेकडो टन वजनाची गाडी ओढणाऱ्या इंजिनाला वीज देणारं. दाब बारावा हिस्सा, पण मागचा साठा आटत नाही. धबधबा बुटका आहे खरा, पण त्याच्या मागे अख्खी नदी आहे.

आणि मालगाडीच्या वाघिणीवर चढलेला मुलगा स्टुलावर नसतो. तो लोखंडावर उभा असतो. लोखंड चाकांवर, चाकं रुळांवर, आणि रूळ हाच विजेचा परतीचा रस्ता. त्याने तारेला हात लावायचीही गरज नाही. हात किंवा सेल्फीची काठी पुरेशी जवळ गेली की हवेतूनच ठिणगी पडते, आणि ती पडली की पेटत राहते, उपकेंद्रातला स्विच उडेपर्यंत. तेवढ्यात माणूस जळतो. पायात रबरी चप्पल असली तरी या दाबापुढे तिचा भरवसा धरता येत नाही. रेल्वे २ मीटर अंतर ठेवायला सांगते ते म्हणूनच. आपल्याकडे टपावर चढून फोटो काढताना भाजलेल्या आणि गेलेल्या मुलांच्या बातम्या अधूनमधून येतात. वयं वाचा त्यांची. माझ्या वर्गातली वयं आहेत ती.

या वर्षी प्रयोग संपल्यावर नववीतल्या एकाने मला नेमकं तेच विचारलं, चित्रफितीतल्याच शब्दांत. मी उत्तर फळ्यावर लिहिलं. घुमटाखाली ०.७५ ज्यूल. तारेखाली आकडा न लिहिता मी त्यालाच विचारलं, इंजिन किती वेळ चालतं? तो म्हणाला, ‘सर, थांबतच नाही.’ मग त्यानेच खडू घेतला आणि ती जागा रिकामी ठेवून शेजारी एक बाण काढला, पुढे जाणारा.