‘हौस म्हणून ठीक आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या केबिनचं, म्हणजे छोट्या लाकडी घराचं, लाकूड आम्हीच मिलवर कसं कापलं, या माझ्या लेखावर परवा रात्री आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. खाली दोन ओळी लिहून मोकळं व्हावं असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मूळ मजकूर देते:

“ताई, हौस म्हणून ठीक आहे, पण दुकानात भट्टीत वाळवलेलं, शिक्का मारलेलं लाकूड मिळत असताना ओल्या लाकडाचं घर उभं करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. मिल, पाती, डिझेल आणि तुमचे तास धरले तर फळी दुकानापेक्षा महागच पडते. करवतीजवळच्या धोक्यांबद्दल लेखात चकार शब्द नाही. डॉइलच्या कोष्टकाचा आकडाही चुकला आहे. तीन वर्षांत दारं अडकली नाहीत तर मला सांगा. तीस वर्षं बांधकामात आहे म्हणून बोलतो.”

आधी आकडा, कारण तिथे आपलं बरोबर आहे. ओंडक्यातून किती फळी निघेल याची डॉइल आणि इंटरनॅशनल अशी वेगवेगळी कोष्टकं आहेत. १२ इंच व्यासाच्या, १६ फूट लांबीच्या ओंडक्यात डॉइलप्रमाणे ९५ बोर्डफूट (एक बोर्डफूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड) लाकूड भरतं असं मी लिहिलं होतं. ९५ हा इंटरनॅशनल कोष्टकातला आकडा आहे. डॉइलच्या रीतीत व्यासातून ४ वजा करायचे, उरेल त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं आणि १६ने भागायचं. म्हणजे ६४. माझी चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता ‘हौस’.

हा शब्द आपण सहज लिहिला असेल. मला तो सहज वाचता आला नाही. लेख माझ्या नवऱ्याने लिहिला असता तर आपण त्याला ‘दादा, हौस म्हणून ठीक आहे’ असं म्हटलं असतं का? त्याला आपण विचारलं असतं की कोणतं पातं वापरलं, ओंडके कुठले, चौकट कोणी तपासली. मला यातलं काहीच विचारलं नाही. ‘ताई’ म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्याच वाक्यात बेजबाबदार ठरवलं. ताई म्हणणाऱ्याने निदान लेख शेवटपर्यंत वाचावा एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. घराचा कोणता भाग ओल्या लाकडाचा आणि कोणता वाळवलेल्या, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

माझ्या वडिलांची राजापूर तालुक्यात लाकडाची वखार होती. मी शाळेत जायच्या आधीपासून भुशाच्या वासात वाढले. एप्रिल-मे जवळ आला की हापूसच्या पेट्यांसाठी रायवळ आंब्याच्या फळ्या दिवसरात्र निघायच्या. त्या ओल्याच जायच्या, कारण पेटीला एक हंगाम टिकायचं असतं. फणसाची फळी मात्र दोन पावसाळे पाहिल्याशिवाय दाराला लावायची नाही, हा आमच्याकडचा नियम होता. गिऱ्हाईक घाईत असलं तरी वडील त्याला परत पाठवायचे. ऐन आणि किंजळ यांचे वासे कधी घ्यायचे, कसे रचायचे, बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून काय ओळखायचं, हे मी तिथे शिकले. करवतीजवळ जायला मला मनाई होती, मुलगी म्हणून. त्यामुळे मी बाहेरच्या फळ्यांच्या थप्प्यांवर बसून बघायचे. अकरा-बारा वर्षं बघितलं. लाकूड ओलं की सुकं हा प्रश्न मला यूट्यूबवर पहिल्यांदा भेटलेला नाही.

आणि याच कारणाने ‘ओल्या लाकडाचं घर म्हणजे बेजबाबदारपणा’ हे वाक्य मी तसंच सोडून देणार नाही.

ओलं लाकूड आकसतं. किती आणि कोणत्या दिशेने, हे इथे शंभर वर्षांहून जास्त काळ मोजलं जात आहे. अमेरिकेच्या वन विभागाची विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची प्रयोगशाळा १९१०पासून हेच काम करते. तिच्या कोष्टकात ईस्टर्न व्हाइट पाइन पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या कडेकडेने ६.१ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे २.१ टक्के. हेमलॉकचे, म्हणजे इथल्या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे, आकडे ६.८ आणि ३. लांबीत आकसणं जवळपास नाहीच. पण घरातलं लाकूड पूर्ण सुकत नसतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी निघून जाईपर्यंत, म्हणजे साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंत, ते आकसतच नाही. तिथून खाली १२ टक्क्यांपर्यंत आलं तर १० इंच रुंदीची पाइनची फळी सुमारे तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अरुंद होते. आठ इंची हेमलॉकचा खांब १५ टक्क्यांवर येईपर्यंत एका बाजूने सूतभर, दुसऱ्या बाजूने दोन सूत. उंची मात्र तेवढीच राहते. म्हणून खांब ओला चालतो. तो कुठे चिरणार हेही आधी सांगता येतं: गाभ्यापासून सर्वांत जवळच्या बाजूला. ती बाजू आम्ही घराच्या आतल्या दिशेला ठेवली, म्हणजे भेगेत पावसाचं पाणी जायला नको.

बाहेरच्या भिंतीच्या फळ्या आम्ही उभ्या लावल्या आहेत. दोन फळ्यांत अर्ध्या इंचाची फट, प्रत्येक फळीला फक्त मधोमध खिळ्यांची एक रांग, आणि फटीवर सांधपट्टी. पट्टीचा खिळा फटीतून आत जातो, फळीत नाही. फळी दोन्ही कडांनी आकसते, पट्टीखाली सरकते, फाटत नाही. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातली, किती जुनी धान्याची कोठारं या रीतीने उभी आहेत ते आपण इथे कधी आलात तर रस्त्याने जातानाही दिसेल. जुन्या घरांच्या चौकटी, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, तर ओल्या लाकडाच्याच असायच्या, कारण आठ इंची ओक वाळल्यावर त्यात हाताने खाच पाडणं महाकठीण. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार सुक्या लाकडाची खुंटी ठोकायची. खुंटीचं भोक आतल्या टोकात मुद्दाम किंचित सरकवून पाडतात, म्हणजे खुंटी सांधा ओढून धरते आणि चौकट वाळताना तो सैल पडत नाही. या माणसांना आपण बेजबाबदार म्हणाल का?

तुमच्या शिक्क्याबद्दलही बोलू या. भट्टीतल्या लाकडावर ‘एस-ड्राय’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ ओलावा १९ टक्के किंवा त्याहून कमी. याच शिक्क्यांच्या पद्धतीत ‘एस-जीआरएन’ हाही शिक्का आहे, म्हणजे ओलं असताना घासून मापात आणलेलं लाकूड. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डग्लस फरच्या कितीतरी घरांच्या चौकटी अशा शिक्क्याच्या ओल्या लाकडात उभ्या राहिल्या आहेत. शिक्का म्हणजे कोरडं, हे आपण गृहीत धरलंत. तीस वर्षं बांधकामात असलेल्या माणसाने ते धरायला नको होतं.

आणि शिक्का नाही म्हणून आम्ही काही लपूनछपून बांधलेलं नाही. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात स्थानिक, शिक्का नसलेल्या लाकडाची सोय आहे. असं लाकूड कापून विकणाऱ्याला विद्यापीठाच्या विस्तार विभागाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मला विकायचं नव्हतं, तरी मी ते घेतलं. वर्गात मी एकटीच बाई होते. गाठ कुठे चालते, कुठे नाही, रेषा किती तिरकी गेली की तुळई बाद करायची, हे तिथे शिकले. वाशांचं गणित इथल्या बर्फाचं वजन धरून इंजिनिअरने तपासून दिलं. त्याने दोन वासे बदलायला सांगितले, आम्ही बदलले.

लाकूड कुठून आलं हेही आपल्याला महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. ऑक्टोबर २०१७च्या शेवटी न्यू इंग्लंडमध्ये जे वादळ आलं त्यात आमच्या जागेतले अकरा पाइन आणि सात हेमलॉक मुळांसकट आडवे झाले. त्यातल्या एका पाइनच्या बुंध्याला आम्हा दोघांची कवळ पुरत नव्हती. थंडी सुरू झाली होती म्हणून लाकूड तसंच टिकलं. पण उन्हाळा आला की पडलेल्या पाइनला बुरशी धरून फळी निळी पडते आणि सालीखाली भुंग्यांच्या अळ्या पोखरायला लागतात. म्हणजे हातात मे अखेरपर्यंतचा वेळ. एक ठेकेदार सगळं उचलून न्यायला तयार होता, कागदाच्या लगद्याच्या लाकडाच्या भावाने. ज्या झाडांखाली माझी मुलं मोठी झाली ती लगद्याच्या भावाने द्यायची? आम्ही मार्चमध्ये हाताने ढकलायची साधी बँडसॉ मिल (पट्टीसारखं पातं फिरवून ओंडके कापणारी) घेतली.

पहिले दोन आठवडे फळ्या लाटांसारख्या निघाल्या. गाठ आली की पातं वर चढायचं, गाठ संपली की खाली यायचं. सकाळी ओंडके गोठलेले असायचे, त्यांना १० अंशाच्या दातांचं पातं चालत नाही, ४ अंशाचं लागतं, हे कळेपर्यंत बराच माल वाया गेला. पात्यावर साबणाचं पाणी सोडायचं तर तेही गोठायचं, म्हणून गाडीच्या काचेवरचं निळं पाणी भरलं. ओंडका एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. बारीक टोक उचलून गाभा पातळीत आणायचा, एक बाजू काढायची, कँट हुक, म्हणजे आकडी असलेला लांब दांडा, लावून उलटवायचा, दुसरी काढायची. गाभा मधोमध राहिला नाही तर तुळई रात्रीत वाकते. आपण कधी ओंडका उलटवला आहे का? तीस वर्षं बांधकामात आहात, त्याबद्दल मला आदर आहे. पण बांधकामात असणं वेगळं आणि ओंडक्यातून फळी काढणं वेगळं. दुकानातून ट्रक येतो, माल मोजून घेतला की झालं. त्यात लाकडाशी ओळख होत नाही.

जमिनीच्या आणि आतल्या भिंतींच्या फळ्या मात्र ओल्या लावलेल्या नाहीत. लेखात त्यावर दोन परिच्छेद होते. इंचभर जाडीच्या फळ्या, मध्ये दोन-दोन फुटांवर इंची पट्ट्या, पट्ट्या बरोबर एकावर एक, वर पत्रा, बाजू मोकळ्या, टोकांना मेण. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब इथल्या पाइनला जास्तच होतो, तरी आम्ही पूर्ण वर्ष थांबलो. नंतर फळ्या महिनाभर शेगडी पेटवलेल्या खोलीत ठेवल्या, मीटरवर ९ टक्के ओलावा दिसल्यावर रंधा मारला. वडिलांच्या फणसाच्या फळीपेक्षा ही फळी कमी लाडात वाढलेली नाही.

खर्चाबद्दल आपण लिहिलंत त्याला फार उत्तर देण्याची गरज वाटत नाही. आमच्या मिलला डिझेल लागत नाही, पेट्रोल लागतं. माझ्या तासांची किंमत मी लावलेली नाही आणि लावणारही नाही. २०२१च्या मे महिन्यात हजार बोर्डफुटांचा वायदेबाजारातला भाव १,६०० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा शेजारी ट्रेलरवर ओंडके घालून आमच्या दारात उभे होते, इतकंच सांगते.

सुरक्षेबद्दल: तो लेख लाकडाबद्दल होता. हेल्मेट घाला, डोळ्यांना चष्मा लावा, पातं बदलताना हातमोजे घाला, हे ज्याला सांगावं लागतं त्याने मिल घेऊच नये असं माझं मत आहे. चकार शब्द नाही म्हणजे काळजी नाही, असा अर्थ काढणं मला पटत नाही.

जे मला खरोखर लागलं ते हे की आपण नाव लिहिलं नाही. मी माझ्या नावाने, घराच्या फोटोंसकट, चुकलेल्या आकड्यासकट लिहिते. शंका विचारणारे वाचक मला हवे आहेत. गेल्या महिन्यात एका वाचकाने हेमलॉकच्या वलयांमधून फळी सुटत जाते त्याबद्दल विचारलं, तेव्हा मी त्यांना रात्री बसून फोटो काढून पाठवले. तुम्हीही विचारलं असतं तर तुम्हालाही पाठवले असते. तुम्ही विचारलं नाहीत, निकाल दिलात.

राहिली दारं. छप्पर ऑक्टोबर २०१९मध्ये चढलं, म्हणजे आपण दिलेली तीन वर्षं केव्हाच होऊन गेली. केबिनला दोन दारं आहेत. पुढचं मी या पाइनच्या वाळवलेल्या फळ्यांचं केलं, चौकटीच्या वर आकसण्यापुरती फट सोडून. ते अजून एका बोटाने लागतं. मागचं ऑगस्टच्या दमट दिवसांत खाली घासतं आणि खांद्याने ढकलावं लागतं. ते दुकानातून आणलेलं आहे.