वजा एक लाखाची फियाट

ज्या वस्तूची किंमत ठरवताना सरकारची दमछाक झाली, ती घ्यायला मी एकटा निघालो होतो. अतिशयोक्ती नाही. १९६९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या. कारखानदारांना त्या परवडेनात, म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले. मग चौकशी आयोग बसला, माल, मजुरी, नफा यांचा कीस पाडला गेला, आणि १९७१ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्या प्रकरणात फियाटही होती.

पण न्यायमूर्तींपुढे निदान कोरी गाडी होती. माझ्यापुढे होती १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये, चारही टायर बसलेले, टपावर आंब्याच्या पानांचा थर, आणि मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण नुकतंच आटोपलेलं. बंगला पुनर्विकासाला गेला होता आणि बिल्डरला जागा मोकळी करून हवी होती. म्हणजे विकणारा अडलेला आहे आणि मी निवांत आहे, असं माझं मत. मी जन्मभर भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग केलं. वॉशरची किंमत तीन दशांश स्थळांपर्यंत काढणारा माणूस एका जुन्या गाडीपुढे अडणार नाही, असा आमच्या घरात एकाच माणसाचा समज होता. तो माणूस मीच.

विकणारे तिघं होते. थोरले बंधू गणिताचे निवृत्त प्राध्यापक. मधल्या ताई कोथरूडच्या. धाकटे न्यू जर्सीला, ते पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये बसून बैठकीला हजर होते. गाडी अजून कैलासवासी वडिलांच्या नावावर होती. अशा गाडीचं हस्तांतरण फॉर्म ३१ भरून होतं आणि सगळ्या वारसांची संमती लागते. म्हणजे मला एकाच गाडीचा भाव तीन ठिकाणी पटवायचा होता.

"साडेतीन लाख," थोरले म्हणाले. "पानशेतचं पाणी बघितलेली गाडी आहे ही."

पानशेतचं धरण फुटलं १९६१ साली. आरसी बुक १९६८ चं. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि गप्प बसलो. पानशेतच्या बाबतीत पुण्यात कुणाला खोडून काढू नये. आणि गणिताच्या प्राध्यापकाला तर नाहीच.

ताई म्हणाल्या, "बाबा आम्हाला हिच्यातून महाबळेश्वरला न्यायचे. पसरणीच्या घाटात एकदासुद्धा तापली नाही. आता याचे काय पैसे लावायचे ते तुम्हीच सांगा." हा प्रश्न कॉस्टिंगच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी चहाचा घोट घेतला.

धाकट्यांनी इटलीतल्या लिलावाचा फोटो पाठवला. तीच फियाट, तांबडी चकचकीत, किंमत युरोत. त्याचे रुपये त्यांनीच करून दिले. तिचं स्टीअरिंग डावीकडे होतं आणि सीटवर मांजर नव्हतं, एवढा फरक मी नम्रपणे निदर्शनास आणला. "मायनर डिफरन्सेस," तांब्याजवळून आवाज आला.

तेवढ्या काळात बाहेरचा सल्लाही भरपूर मिळाला. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या मामाने कधी ना कधी फियाट विकलेली असते आणि ती अगदी मातीमोल भावात गेलेली असते. त्या भावात मला एकही मामा भेटला नाही. भंगारवाल्याचा हिशेब मात्र स्वच्छ होता. गाडीचं वजन जेमतेम ९०० किलो, त्यातून गादी, रबर, काच वजा. "पंचवीस हजार देतो, साहेब. मांजर तुम्ही ठेवा." सबंध प्रकरणात भावना मध्ये न आणता बोललेला हा एकच माणूस. थोरल्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं.

शेवटी मी आमच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. मिस्त्रींचा उमेदीचा सगळा काळ फियाटच्या खाली गेला आहे. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर येईना, तेव्हा तिघा वारसांचे चेहरे उतरले. मला बरं वाटलं.

"इंजिनाची काळजी सोडा," मिस्त्री म्हणाले. "जाम आहे, पण १०८९ सीसीचं हेच इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यात २००० सालाच्या आसपासपर्यंत पद्मिनीत, म्हणजे हिच्याच पुढच्या अवतारात, बसत होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नाना पेठेत हिंडलं की मिळतात. नाही मिळाली तर मुंबई आहे. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ मध्ये निघाल्या, त्यांचा माल अजून कुणाकुणाच्या माळ्यावर आहे. खरी भानगड पत्र्याची. हिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्रा हीच चासी. बूड गंजलं की गाडी गेली."

मग त्यांनी माझ्याकडे लोहचुंबक मागितलं. जिथे मूळ पत्रा आहे तिथे ते चिकटतं. गंज खरवडून वर जाडजूड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे चिकटत नाही. घरून निघताना मी फ्रिजवरचं चुंबक उचललं होतं, त्यावर अष्टविनायकांपैकी एक होते. बॉनेटला गणपती चिकटला. टपाला चिकटला. डाव्या दाराला लावला आणि हात काढला, तर बाप्पा थेट फरशीवर.

"बघा," मी म्हणालो. "नुसती लांबी आहे."

थोरल्यांनी वाकून पाहिलं. "उजवीकडे पडला. कौल चांगला आहे."

मिस्त्रींना मी खर्चाचा आकडा विचारला. "खोलल्याशिवाय सांगता येत नाही." साधारण? "खोलल्यावर बघू." अंदाजे तरी? "साहेब, खोलू द्या." आणि खोलायचे पैसे? "ते आत्ता सांगतो." शेवटी मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीला किती लागले असं विचारलं, तेव्हा ते मोकळेपणाने बोलू लागले. दुसऱ्याचा खर्च सांगायला माणसाला नेहमीच आनंद होतो. पत्रा आणि रंग अडीच लाख, इंजिन आणि गिअरबॉक्स सव्वा लाख, गादीकाम साठ हजार, क्रोम पन्नास हजार, वायरिंग, टायर, काचा, रबर मिळून एक लाख पंधरा हजार. बरोबर ६ लाख.

"आणि हिचे व्हीलकॅप नाहीत," मिस्त्री हळूच म्हणाले. "चारही. पुढच्या जाळीवरची पट्टीपण नाही. पद्मिनीची जाळी हिला शोभत नाही. इंजिन कुठूनही आणू, पण हे बारीकसारीक कुठून आणणार? जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारा, नशिबात असेल तर मिळेल. विकणाऱ्याला कळू देऊ नका, मुकाट बघा."

रात्री मी कागद घेऊन बसलो. नीट केलेली अशी फियाट साधारण पाच लाखांना जाते, असं चार ठिकाणी विचारून ठरवलं होतं. पाचातून सहा गेले, राहिले वजा एक लाख. पुन्हा मांडून पाहिलं. तितकेच. म्हणजे ही गाडी न्यायची तर वारसांनीच मला एक लाख द्यायला हवेत. एवढं निर्मळ उत्तर माझ्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

ताळेबंद मी दुसऱ्या बैठकीत ठेवला. ताई दुखावल्या. धाकट्यांचं नेटवर्क गेलं, किंवा त्यांनी ते घालवलं. थोरल्यांनी मात्र कागद चष्म्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचला.

"आकडेमोड बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. तुम्ही गाडी नीट करून विकणार आहात?"

"छे! विकायला कशाला नीट करीन?"

"मग ते पाच लाख कशाला धरलेत? तिथे शून्य घाला."

शून्य घातलं. उत्तर आलं वजा सहा लाख.

"आता एवढे तर आम्ही देणार नाही," थोरले म्हणाले. "तेव्हा मूळ साडेतीन लाखांवर बोलू."

घरी वेगळीच आघाडी उघडली होती. मी हिला समजावत होतो की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळे नियम आहेत. मूळ रूपात असलेली गाडी २० हजार भरून व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षं चालते.

"अहो, मग भाजीला जाता येईल का त्यातून?"

नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रोजच्या वापराला मनाई.

"म्हणजे दुरुस्तीला नेता येईल."

"हो."

"मग तुम्हाला पुरे आहे तेवढं."

शिवाय त्या नियमात बॉडी किंवा इंजिनात मोठी ढवळाढवळ केलेली चालत नाही, आणि आमच्या गाडीचं तर बूडच नवं घालायचं होतं. तो विषय मी तिथेच मिटवला. नेहमीची नोंदणी, पर्यावरण कर, आणि भाजी.

तिसऱ्या बैठकीपर्यंत बिल्डरचा माणूस कुंपण मोजून गेला होता. वातावरण नरमलं होतं. मी आतापर्यंतचे सगळे हिशेब बाजूला ठेवून म्हटलं, "एक लाख." हा आकडा कुठून आला ते मला सांगता येणार नाही. उणे चिन्ह गळून पडलं असावं.

थोरल्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता वडिलांची आठवण. पण ते भागाकार करत होते. "तेहतीस हजार तीनशे तेहतीस, आणि उरला एक रुपया. तो कुणाचा?"

"माझ्याकडे नको," ताई म्हणाल्या. "पुढे बोलायला नको कुणी."

मी नव्व्याण्णव हजार सुचवले. तिघांनाही तो अपमान वाटला. एक लाख दोन हजारांना प्रत्येकी चौतीस हजार येत होते, पण धाकट्यांना चौतीस हा आकडा बरा वाटेना. शेवटी एक लाख पाच हजारांवर, प्रत्येकी पस्तीस, सगळे हसत तयार झाले. पानशेत, पसरणी, इटली, गंज, लांबी यांतल्या कशाचाही त्या किमतीशी संबंध नव्हता. तिनाने नि:शेष भाग जातो, एवढा एकच गुण. वारस चार असते तर मी एक लाखात सुटलो असतो.

टोइंगवाला आला. मांजर पिलांसह ताईंच्या घरी गेली. गाडी वर चढवली, साखळ्या लावल्या, मिस्त्री पुढे बसले. पावती खिशात घालून मी निघणार, तेवढ्यात ताईंनी गच्चीवरून हाक मारली.

"अहो, थांबा. कुंड्यांखाली तबकड्या म्हणून ठेवलेल्या सापडल्या. गाडीच्याच दिसतायत."

त्यांच्या हातात तीन व्हीलकॅप होते. मिस्त्रींनी खिडकीतून मला डोळ्यांनी खूण केली, मुकाट बघा. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला. पण थोरले माझ्याकडेच बघत होते.

"हे त्या किमतीत धरलेले नव्हते," ते म्हणाले. "बोला, काय द्याल? तिघांना एकेक आहे, वाटणीचा प्रश्न नाही."

"आणि चौथा?" माझ्या तोंडून गेलं.

"त्याच्यावर कोरफड आहे," ताई म्हणाल्या. "मुळं खाली उतरून चिकटलीयत. तो कुंडीसकट घ्यावा लागेल, आणि कुंडीचे वेगळे."