साहेबाला मास्तर करण्याची कृती

रबाळेच्या तुमच्या कंपनीत नवी पोरं चार महिन्यांत पळतात आणि मॅनेजर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हीच तक्रार ना? हमखास उपाय आहेत. एकाही उपायात मॅनेजरचा तासभरसुद्धा मोकळा करावा लागत नाही.

आधी मेल टाका. विषय ‘आपली माणसं, आपली जबाबदारी’, सीसीत डायरेक्टर. महिनाअखेरीला टाका, डिस्पॅचची बोंब चालू असताना. तेव्हा तो मन लावून वाचला जातो. मग शनिवारी वाशीच्या हॉटेलात कार्यशाळा. वक्ता दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका सांगेल: अनुभवी कामगार सैन्यात गेले, तेव्हा नवख्यांना घडवायला सुपरवायझरांना दहा तासांत चार पायऱ्या शिकवल्या. मनाची तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. पहिल्या तीन गाळल्या तरी चालेल. चौथी आपल्या मॅनेजरांना उपजतच येते, विशेषतः चूक झाल्यावर.

केआरएमध्ये, म्हणजे मॅनेजरचं काम ज्यावर मोजतात त्या यादीत, शिकवण्याला एक टक्काही देऊ नका, हे मात्र विसरू नका. जो वेडा आठवड्याला तीन तास नव्या पोराशेजारी बसेल, त्याचे आकडे कमी येणारच. इन्क्रिमेंटही तसंच द्या. बाकीचे बघून शहाणे होतात. वर तो पोरगा कामाला आला रे आला की दुसऱ्या डिपार्टमेंटला देऊन टाका. पुढच्या वेळी मॅनेजर दुप्पट उत्साहाने शिकवेल.

पहिला दिवस कसा असावा? माझाच सांगतो. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बर, साडेआठला गेटवर हजर. कार्ड नाही म्हणून वॉचमनने बाकड्यावर बसवलं. अकराला साहेब आले. “अरे, तू आज येणार होतास का?” लॅपटॉप यायचा होता, म्हणून कॉन्फरन्स रूममध्ये पॉलिसीचं बाड वाचत बसलो. मीटिंग आली, तसा उठून पॅन्ट्रीत गेलो.

तिथे चहावाले मामा भेटले. गाळणी आपटता आपटता म्हणाले, “थंबवर अंगठा पुसून लाव, ओला चालत नाही, मग हाफ डे पडतो. कॅन्सल चेक वीस तारखेच्या आत दे, नायतर पगार पुढच्या महिन्यात. आणि साहेबांकडं सही मागायला जेवणाआधी जाऊ नको.” पाच मिनिटांचा कार्यक्रम. त्यातलं एकही वाक्य बाडात नव्हतं. (मामा कंत्राटी. त्यांना स्वतःलाच कुणी काही शिकवल्याचं ऐकिवात नाही.)

आता राहिली नोंद. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या ऑडिटला प्रशिक्षणाचा पुरावा दाखवावा लागतो. आदल्या संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा साहेबांपुढे ठेवा. तारखा मागच्या, पेन मात्र दोन-तीन रंगांची ठेवा. एकाच शाईच्या अकरा सह्या बऱ्या दिसत नाहीत. आमचे साहेब भरभर सह्या करत होते. मध्येच एका नावावर थांबले आणि कौतुकाने म्हणाले, “हा पोरगा चांगला तयार झाला हं. बसतो कुठे हल्ली?”

गणपतीतच सोडून गेला होता.