जनावर आडवं आलं तर वेग वाढवायचा? अजिबात नाही!

भाचीला लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झालेत. परवा तिनं मला विचारलं, “मावशी, रात्री हरीण आडवं आलं तर ब्रेक मारायचा नसतो ना? वेग वाढवायचा ना?” मला वाटलं, गंमत करतेय. तर तिनं फोनच पुढे केला. आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज, ‘जंगलातून गाडी चालवताना पाच गोष्टी’, आणि खाली तिघांचे अंगठे. एकानंही तो नीट वाचलेला नाही, हे नक्की.

पहिलाच मुद्दा जीवघेणा आहे. ‘ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं आणि जनावर काचेवर येतं. म्हणून वेग वाढवा, नाक वर उचललं जाईल.’ यातलं नाक खाली जाण्याचं खरं आहे, तेवढं मान्य करते. जोरात ब्रेक लागला की पुढचं सस्पेन्शन दबतं. म्हणून काही जाणकार सांगतात, की धडक चुकतच नसेल तर अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक सैल सोडा. पण ते आधी वेग कमी करून झाल्यावर! धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 चे 80 किलोमीटर केलेत तर ती पावणेदोन पटीच्याही वर जाते. नाक दोन बोटं वर उचलून त्याची भरपाई कशी होणार?

भाचीला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. रस्ता कोरडा, टायर चांगले, दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद. ताशी 60 च्या वेगात तेवढ्यात गाडी 25 मीटर जाते, ब्रेक लागल्यावर साधारण 20 मीटरवर थांबते. एकूण 45. आता तेच 80 नं. दीड सेकंदातच 33 मीटर संपले. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे ही दुसरी ब्रेक दाबलेला असूनही ताशी 65 च्या आसपास असते. भाची बराच वेळ त्या 65 कडे बघत राहिली. त्यात लो बीमच्या उजेडात रस्ता नीट दिसतो तो 50-60 मीटर. म्हणजे 80 नं जाताना जनावर दिसेपर्यंत उशीर झालेलाच असतो. समोरून कोणी येत नसेल तर हाय बीम लावा, आणि पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री वेग आधीच कमी ठेवा. कडेला जनावराच्या डोळ्यांचे दोन ठिपके चमकले की पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच पाहिजे.

दुसरा मुद्दा, बंपरवर बसवायची शिटी; म्हणे तिच्या आवाजानं जनावरं पळतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीवर ध्वनियंत्र बसवून रस्त्याकडेच्या हरणांवर पाच प्रकारचे आवाज सोडून पाहिले. 2009 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की एकाही आवाजानं हरणं धडक टळेल अशी वागली नाहीत. शिटीच्या भरवशावर माणूस बेफिकीर होतो, हे नुकसान वेगळंच.

‘जनावर वाचवायला स्टिअरिंग झटकन फिरवा.’ नाही! आपल्या लेनमध्ये सरळ राहून पूर्ण ब्रेक दाबा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पायाखाली थरथर जाणवेल, तरी पाय उचलू नका. झटक्यानं वळवलेली गाडी झाडावर जाते, समोरच्या ट्रकखाली जाते, नाहीतर उलटते. 1997 मध्ये स्वीडनमध्ये अशाच वळणाच्या चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली होती, आणि तिथे स्टिअरिंगवर सराईत माणूस होता. थंड देशांतल्या मूस या महाकाय हरणासारखं उंच पायांचं, चार-पाचशे किलोंचं धूड असेल तर गोष्ट वेगळी. त्याचं धड थेट काचेवर येतं, म्हणून शेजारची जागा मोकळी असेल तर तिथे चुकवायला सांगतात. तेही ब्रेक दाबूनच.

‘एक जनावर गेलं की रस्ता मोकळा.’ उलट आहे. कळपातली बाकीची मागून येतात, पिल्लू तर हमखास.

शेवटचा मुद्दा: ‘जखमी जनावराला पाणी पाजा, गाडीत घालून दवाखान्यात न्या.’ मेसेज लिहिणाऱ्याचं मन चांगलं असेलही. पण घाबरलेल्या हरणाच्या एका लाथेनं माणसाचं हाड मोडतं. धरून ठेवलेलं रानटी जनावर नुसत्या धसक्यानंही मरू शकतं. आणि निपचित पडलेलं जनावर शुद्धीवर आलं तर ते कुठे येणार? मागच्या सीटवर, तुमच्या मानेशी. गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, मागे धोक्याच्या इशाऱ्याचा त्रिकोण ठेवा, लांबूनच वनखात्याला किंवा पोलिसांना फोन करा. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. निघण्याआधी बॉनेटखाली वाकून बघा. रेडिएटर गळत असेल तर गाडी तिथेच राहू द्या.