थर्मोस्टॅट फेकायच्या आधी

जुन्या डिझेल पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच: गाडी गरम होते तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेका, आपल्या हवेत त्याची गरज नाही. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं रसायन) हा कंपन्यांचा धंदा, पाणी पुरे. सकाळी लवकर चालू होत नसेल तर डिझेलमध्ये थोडं रॉकेल टाका. धूर मारते म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. आणि घाटात तापमानाचा काटा चढलाच तर केबिनचा हीटर लावा. शेवटी ‘मेकॅनिक हे सांगणार नाहीत’ हे ठरलेलं.

सांगत नाहीत, कारण यातल्या बहुतेक उपायांनी दोष जात नाही, दोन-चार दिवस दबतो. मग तोच त्रास परत येतो आणि गाडी ‘म्हातारी झाली’ म्हणून बदनाम होते.

थर्मोस्टॅटचंच घ्या. नाशकात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो हे खरं, पण इंजिनातलं पाणी ८०-९० अंशांवर राहायला हवं. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची कुपी असते. बऱ्याच डिझेल इंजिनांत ८२ अंशांच्या आसपास ते मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. झडपच काढली की रिकामी गाडी सपाटीला थंडच चालते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. ते लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) खाली उतरतं, ऑइल पातळ करतं, आणि रिंगा वेळेआधी झिजतात. बरं, एवढं करून गरम होणं थांबतं का? अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात शिरतं. भिवंडीहून माल भरून कसारा चढताना काटा पूर्वीपेक्षा वर जातो तो यामुळे.

काढायचाच तर तपासायला काढा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला टेकणार नाही असा सोडा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या अंशाच्या जवळपास झडप हलली पाहिजे आणि उकळी येईपर्यंत पूर्ण उघडली पाहिजे. अडकली तर नवा टाका, खर्च फार नाही. उघडली तर तो निर्दोष आहे. मग रेडिएटरच्या नळ्या, फॅनचं कपलिंग, बेल्ट, वॉटर पंप असं एकेक बघा. गाडी थंड असताना चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंगवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर) संशय घ्या. ते गेलं असेल तर दहा थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही.

कूलंटबद्दल निम्मं खरं आहे. आपल्याकडे देशावर पाणी गोठत नाही, त्यामुळे गोठण्याची भीती दाखवून कोणी विकत असेल तर हसा. पण कूलंट गंज धरू देत नाही आणि उत्कलनबिंदूही वाढवतो. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलेल्या रेडिएटरचं तोंड उघडून बघा, आत पांढरा थर दिसेल. तोच थर सिलिंडरभोवती बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. आणखी एक, रेडिएटरच्या कॅपकडे कोणी बघत नाही. ०.९ बारची कॅप दाब धरून असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तिचा रबर कडक झाला की ते शंभरीलाच उकळायला लागतं.

रॉकेलचा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा. इंजेक्शन पंपाचे (सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपाचे) बरेच भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, आणि रॉकेलमध्ये ते वंगण कमी. शिवाय सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, पण प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) चार वेळा दाबला की चटकन चालू होते, अशी तक्रार असेल तर नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा) काही संबंध नाही. गाडी हवा घेते आहे. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, त्यामुळे तिथे भेग असली तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही, हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप लावा. चालू गाडीत त्यातून बुडबुडे पळताना दिसले की निदान झालं. मग डिझेलचा कॅन पंपाहून उंच टांगून त्यातून पुरवठा द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये, नाहीतर फिल्टरचं रबर, प्रायमर किंवा तांब्याचे वॉशर.

चालता चालता बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप चालू होणारी गाडी हे वेगळं दुखणं. टाकीचं झाकण उघडताना ‘फस्स’ झालं तर हवेचं भोक बुजलंय, नाहीतर टाकीतली जाळी कचऱ्याने भरलीय. अशा गाड्यांच्या पंपाचं काम उगाच काढलेलं मी पाहिलंय.

धुराचा मुद्दा थोडक्यात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) फाटलेला होज, नोझल, नाहीतर ओव्हरलोड. निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि तेही रिंगांऐवजी व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा टर्बोतून येत असू शकतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय इंजिन उतरवू देऊ नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू ठेवून) एकेका नोझलचा नट ढिला करून बघतात, आवाज बदलला नाही तो सिलिंडर कामचुकार. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत हे चुकूनही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.

राहिला हीटर. तो सल्ला बरोबर आहे. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, ब्लोअर पूर्ण लावला की काटा थोडा उतरतो. त्यासोबत गाडी कडेला घ्या, आणि पाणी व बेल्ट शाबूत असतील तर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. कॅपला अर्धा तास हात लावू नका, आणि तापलेल्या हेडवर बाटलीतलं गार पाणी ओतायला धावणाऱ्या क्लीनरला आवरा, हेड तडकतं.