रेफर करणं म्हणजे नुसतं गाडीत बसवून देणं नाही

परवा नाईटला पहाटे तीनच्या सुमारास आमच्या मोठ्या दवाखान्यात १०८ मधून एक पोरगी आली, खालच्या दवाखान्याने रेफर केलेली, म्हणजे पुढे पाठवलेली, पहिलटकरीण, आठवा संपत आलेला, बीपी १७०/११०, वाटेत एक झटका येऊन गेलेला. सोबत सासू, तिच्या हातात पिशवी, पिशवीत जुनं लुगडं, थर्मास आणि चुरगळलेली रेफर चिठ्ठी. चिठ्ठीवर काय तर "पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत". बास! मॅगसल्फ, म्हणजे झटका थांबवायचं इंजेक्शन, दिलंय का, दिलं तर किती वाजता, काहीच नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सुई टोचली ओ सिस्टर, कसली ते काय माहीत." आता झटक्यावर हेच औषध लागतं, पण डबल गेलं तर श्वास मंदावतो, म्हणून आधी गुडघ्यावर हॅमर मारून पाय हलतोय का बघितलं आणि मग टॉर्च लावून तिच्या कुल्ल्यांवर सुईच्या खुणा शोधल्या. दोन्हीकडे सापडल्या. म्हणजे लोडिंग डोस, सुरुवातीचा मोठा डोस, गेलेला होता. पेनाने एक ओळ लिहिली असती तर ती दहा मिनिटं वाचली असती, आणि त्या वेळेला लेबर रूममध्ये आम्ही दोघीच होतो, दुसरीकडे एकीच्या बाळाचं डोकं दिसायला लागलेलं.

वीस वर्षं हे काम करतेय म्हणून बोलते. जोखमीचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हावं, यात वादच नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, गाडी सगळं मोफत झालं, २०१४ ला १०८ आली, बायका दवाखान्यात यायला लागल्या. २०१८-२० च्या आकड्यात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या तेव्हा महाराष्ट्रात ३३, त्यात या गाड्यांचा आणि आशाताईंचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. पण गाडी जिथे येऊन थांबते तिथल्या खाटा किती वाढल्या? पेशंट वर सरकतात, त्यांच्यासोबत सिस्टरची पोस्ट सरकत नाही, रक्ताची पिशवी सरकत नाही, रात्रीचा भूलतज्ज्ञ सरकत नाही. खाट तर काय, एकीवर दोघी झोपवतो, खाली गादी टाकतो, पण ऑपरेशनच्या एका टेबलावर एका वेळी दोन सिझर होत नाहीत हो!

आणि खाली काय होतं ते बघा. ग्रामीण रुग्णालयातून जोखमीच्या केसेस वर जायला लागल्या की तिथला भूलतज्ज्ञ जातो, मग सर्जनचा हात बसत नाही, मग जुळं दिसलं की रेफर, आधीचं सिझर दिसलं की रेफर, आणि लोक म्हणतात तिथे ठेवतच नाहीत तर जायचं कशाला, म्हणून साधी बाळंतपणं पण थेट आमच्याकडे. मग ज्या पोरीला खरंच वरच्या दवाखान्याची गरज आहे तिला जागा नाही. तिलाही आम्ही कधीकधी पुढे मेडिकल कॉलेजला पाठवतो, तिथेही हीच गर्दी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर दोन तासांत जीव जातो, आणि मेळघाटातल्या धारणीहून अमरावती म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही घाटातून.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडला शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. तेव्हाही सांगितलं गेलं की बरेच पेशंट बाहेरून शेवटच्या घटकेला आले होते. बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला कारण बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं मी स्वतः ठेवलीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की जोखमीच्या केसेस कुठे न्यायच्या हे ठरवताना तिथे रात्री दोन वाजता किती सिस्टर आहेत ते आधी मोजा, मग खाटा मोजा. बीपी आवरलेल्या, धोका टळलेल्या बाळंतिणीला परत तिच्या गावाजवळच्या दवाखान्यात पाठवायची सोय करा, म्हणजे आमची खाट रिकामी होईल. दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर बायकांच्या सरकारी तपासणीत जिच्या कार्डावर जोखमीचा लाल शिक्का पडला तिचं बाळंतपण कुठे करायचं ते सातव्या महिन्यातच ठरवा, कळा सुरू झाल्यावर नको.

ती पोरगी बरी आहे. सिझर झालं, बाळ दीड किलोचं, एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, आहे, सासूबाई रोज काचेतून बघून जातात.

खालच्या दवाखान्यातल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, तुमचीही ओढाताण मला माहीत आहे. पण पाठवताना फोन करा गं, चिठ्ठीवर औषध आणि वेळ लिहा. आमच्या लेबर रूमचा फोन रात्रभर उचलला जातो, मी नसले तरी.