‘फोटो क्र. ५ ला नाव का नाही?’

नमस्कार. ‘बारशाला बोलावलंत, घुगऱ्या खाऊ घातल्यात आणि पोराचं नाव ठेवलंच नाही’ हा टोमणा आवडला. कोथिंबिरीच्या फुलांवरच्या सिरफिड माश्यांविषयी (फुलांपाशी हवेत थबकणाऱ्या पट्टेरी माश्या) लिहिताना मी फोटो ५ खाली नुसतं ‘स्फेरोफोरिया’ (हे गटाचं नाव, नेमक्या जातीचं नाही) लिहून सोडलं आणि फोटोवरून जात सांगणाऱ्या तुमच्या ॲपने त्याच फोटोला झटक्यात ‘स्फेरोफोरिया स्क्रिप्टा’ म्हटलं, ही तुमची मुख्य तक्रार.

आधी माझी चूक. फोटो ४ खाली मी ‘मादी’ लिहिलं होतं. तुम्ही म्हणता तसे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेत, म्हणजे तो नर. मादीच्या डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी मोकळी असते. ओळ दुरुस्त केली. (रात्री साडेअकराला फोटोंखाली ओळी लिहायला बसलं की हे असं होतं.)

आता स्क्रिप्टा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेली ही माशी युरोपात जागोजागी दिसते, तिचे फोटोही ढिगाने आहेत. ॲपच्या तोंडी तिचंच नाव आधी आलं तर नवल नाही. पण आपल्या देशातून इंडियाना, बेंगालेन्सिस, मॅक्रोगास्टर या तिच्या बहिणीही नोंदलेल्या आहेत. सगळ्या सडपातळ, छातीच्या कडेला पिवळी रेघ, पोटावर पिवळे-काळे पट्टे. खात्रीच हवी तर नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. माझ्या फोटो ५ मध्ये आहे मादी (या वेळी दोनदा तपासलं), आणि तीही वरून टिपलेली.

खरी गोम या ‘वरून’मध्ये आहे. पट्टे पाठीवर छान दिसतात म्हणून आपण सगळे पाठच टिपतो. युरोपातल्या सिर्फस रिबेसी आणि सिर्फस विट्रिपेनिस घ्या. पाठीवरून दोघी जवळपास सारख्या. मादी ओळखायची ती मागच्या पायाच्या मांडीवरून: रिबेसीची पिवळी, विट्रिपेनिसची बरीचशी काळी. वरून काढलेल्या फोटोत नेमकी तीच अंगाखाली दडते. मग फोटो कितीही लख्ख असो, काय उपयोग? फोटो २ ला मी छातीठोकपणे ‘इस्किओडॉन स्कुटेलारिस’ म्हटलं, कारण तो नर बाजूने सापडला आणि मागच्या पायाच्या बुडाशी असलेला काटा स्पष्ट दिसला. नशीब माझं, दुसरं काही नाही.

‘फोटो १ आणि ३ एकच जात कशी, तिसरी तर काळीकुट्ट आहे’ असंही विचारलंत. दोन्ही एपिसिर्फस बाल्टिएटसच. कोषात असताना गारवा मिळाला की हिच्या अंगावरचा काळा भाग पसरतो. म्हणून रंग सोडा, पोटाचा तिसरा आणि चौथा खंड बघा: प्रत्येकावर एक जाड काळा पट्टा आणि एक मिशीसारखा बारीक. फोटो ३ मोठा करून पाहा, काळपटपणातही ती मिशी सापडते.

तुमच्याकडे मोहरी फुलली आहे असं लिहिलंय. सकाळी जा, माशी मावा लागलेल्या शेंड्याजवळ हवेत थबकली की खाली बसून बाजूने, पाय येतील असे चार-पाच फोटो काढा आणि मला पाठवा. ॲपला नंतर दाखवा.